वरच्या अंगाला दिलेली लेक

आमची नदी नकाशात शोधायची असेल तर आधी चष्मा नीट पुसून घ्यावा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जिथं कागद सगळा हिरवा होतो, तिथून केसासारखी एक निळी रेघ निघते आणि बोटभर खाली येऊन मलप्रभेत शिरते. माझ्याकडच्या नकाशाची घडी नेमकी तिच्यावरच पडली आहे, त्यामुळं माझ्यापुरती ती नकाशातून गेलीच.

माझी बायको निपाणीकडची, वेदगंगेचं पाणी बघत वाढलेली. लग्नानंतर मी तिला मोठ्या थाटात नदी दाखवायला नेलं. काठावर उभा राहून दोन्ही हात असे पसरले, जणू आता पडदा वर जाणार. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, साडी घोट्याच्या वर धरली, दगडांवर पाय टाकत पलीकडं गेली, परत आली आणि शांतपणे म्हणाली, "ते झालं. आता नदी कुठं हाय?"

मी तिला म्हटलं, आषाढात ये म्हणजे कळेल. आषाढात आणली तेव्हा तिनं उंबराच्या बुंध्याला मिठी मारली आणि काठाकडं यायचं नाव काढलं नाही. मला त्या दिवशी झालेला आनंद मी अजून जपून ठेवला आहे.

मी शहापुरात साड्यांच्या दुकानात गादीवर बसतो. साडी उलगडता उलगडता गोष्ट सांगायची, हा आमच्या धंद्यातला अर्धा भाग. गिऱ्हाईक हसलं की पदर खांद्यावर टाकून बघतं. या नदीच्या गोष्टी सांगून मी किती इरकली विकल्या असतील, देव जाणे. पण सगळी गोष्ट मी गादीवर कधी सांगितली नाही. मधे माझी थोरली बहीण येते, आणि आक्का आली की माझं सोंग टिकत नाही.

तर नदी.

ती तीन झऱ्यांतून निघते. झरे आहेत नदीवरच्या सगळ्यांत वरच्या गावात, दाट जंगलात. त्या गावात तीन भावक्या होत्या आणि प्रत्येक भावकीच्या मते तिचाच झरा खरा, बाकीचे दोन म्हणजे नुसती गळती. तिन्ही ठिकाणी शेंदूर फासलेला दगड होता. एकदा मोजणीचे लोक आले. तिन्ही भावक्यांनी त्यांना कोंबडी कापून जेवू घातलं आणि ते लोक पोट धरून खाली गेले. उगमाचं ठरायचं ते राहूनच गेलं.

झऱ्यांचं पाणी एकत्र येतं तिथून खाली खडकाची घळ लागते. पाण्यानं तिथं दगडात रांजण कोरलेत, माणूस आत उभा राहील एवढे. घळ संपली की जांभळीखालचा डोह, मग वाळुंजाची झुडपं, मग भाताचे मळे आणि त्या मळ्यांच्या काठाला आमचं गाव. आमच्या खाली आणखी काही गावं आणि मग मलप्रभा. प्रत्येक गाव नदीला आपलंच नाव देतं. रस्त्यावरच्या पुलाजवळ सरकारी पाटीवर कानडीत आणखी एक नाव आहे, ते मात्र कुठल्याच गावाला माहीत नाही. वरच्या गावात तिला नाव नव्हतंच. ते लोक तिला नुसतं बाई म्हणायचे. बाई उतरली, बाई चढली, बाई आज गढूळ हाय. नवख्या माणसाला वाटावं, गावात कोणी रागीट म्हातारी आहे आणि सगळं गाव तिच्या तब्येतीची चौकशी करतंय.

हे वरचं गाव वसलं कसं, तर प्लेगच्या साथीत खालची माणसं पळून नदीनं वर वर जात राहिली आणि जिथं पाणी संपलं तिथं थांबली, असं आमचे आजोबा सांगत. पुढं लाकडाचे ठेकेदार आले, बैलगाडीची वाट झाली, ठेकेदार गेले, वाट जंगलानं परत घेतली. पावसाळ्यात नदी भरली की ते गाव तुटायचं. म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडावर गावातले पुरुष साकव बांधायचे. दोन्ही काठांच्या झाडांना बांबू आणि वेताच्या दोऱ्या ताणून केलेला तो झुलता पूल. पावसाळा संपेपर्यंत टिकला म्हणजे मिळवलं.

आता आमच्या नदीचा कायदा. लेक द्यायची ती पाण्याच्या वाटेनं, खालच्या अंगाला. सून आणायची ती वरच्या अंगानं. उलटं करायचं नाही. त्यामुळं नदीच्या वरच्या बाजूला सगळ्यांचे मामा आणि खालच्या बाजूला सगळ्यांच्या आत्या. जुनी माणसं म्हणत, पाणी उलटं वाहत नाही, मग लेक कशी उलटी धाडायची? मला विचाराल तर खरं कारण जळवा. वर जावं तशा जळवा वाढतात, पाऊस वाढतो, वाट कमी होते. आपली लेक त्यात घालायला कुठल्या बापाचं मन होईल? पण जळवांच्या भीतीनं असं केलं म्हणायला लाज वाटते, म्हणून त्याला कायद्याची झालर लावली. सगळ्यांत वरच्या गावाला मात्र ह्या कायद्यात सून कुठूनच येईना. ते लोक घाटापलीकडून कोकणातनं मुली आणत.

आणि माझी आक्का ह्या कायद्याला आडवी गेली.

वरच्या गावातला एक तरुण आमच्याकडं साकव बांधायला यायचा. वेताची गाठ मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एका वर्षी आमचा साकव बांधायला त्याला नेहमीपेक्षा फारच वेळ लागला आणि आक्काला नेहमीपेक्षा फारच धुणं निघालं. मी धाकटा, मला काय कळायचं ते कळलं. आप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, कळलं तेव्हा घराची कौलं हलली. आई म्हणाली, अगं, वरच्या अंगाला आजवर कोणी दिली नाही, तू तिथं काय करणार, जगलीस का मेलीस हे आम्हाला कळायचं कसं? आक्का भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी धुणं धुतलेलं पाणी तुमच्याच दारावरनं जाणार की गं आई. गढूळ आलं की समजायचं, हाय अजून."

आप्पा चिडून उठून गेले, पण दाराबाहेर जाऊन हसले. मी बघितलं. लग्न झालं.

वरात नदीनं वर निघाली. आमच्या गावातल्या बायका काठावर उभ्या राहून बघत होत्या, कुणी डोळ्याला पदर लावत होत्या, कुणी तोंडाला. दाजी पुढं आणि आक्का मागं अशी ती दोघं घळीच्या वळणावर दिसेनाशी झाली. नंतर श्रावणात आक्का केळीच्या सोपटाच्या होडीत रानफुलं ठेवून आईसाठी पाण्यात सोडायची. घळीतल्या रांजणांतून ती होडी धड खाली येणं शक्यच नव्हतं. पण आई दर वर्षी सांगायची, आली गं बाई, लई झ्याक फुलं होती. ती असेपर्यंत हे चाललं.

आक्काला मूल झालं नाही. त्याचं खापर खालच्या गावांनी तिच्या उलटं जाण्यावर फोडलं. आप्पांच्या एका बैलाला साप चावला तेही तिच्याच माथी आलं. आक्का माहेरी आली की मुद्दाम त्याच बायकांच्या घोळक्यात जाऊन बसायची आणि विचारायची, औंदा माझ्यामुळं कुणाचं काय बिघडलं, सांगा बघू. बायका हसायच्या. दाजीही हसायचे, पण त्यांना ते लागायचं.

त्यांची गोष्ट मी थोडक्यात सांगतो. जास्त मला जमत नाही.

त्या वर्षी पावसाच्या तोंडाला दाजी तापानं झोपून होते. साकव पोरांनी बांधला. दाजींनी अंथरुणातून गाठी समजावून सांगितल्या, पण गाठ काय सांगून येते? ऐन आषाढात एका संध्याकाळी त्यांच्या पोटात कळ आली; एक पोरगा साकवावरनं आमच्या गावी निरोप घेऊन आला. चौघांनी कांबळ्याची डोली करून त्यांना सकाळी काठावर आणलं, तर साकव गेला होता. पलीकडं आमच्या गावातली माणसं दोर घेऊन उभी होती. लावणीला गावी आलेला मीही उभा होतो. मधे बाई. एवढीशी नदी, मार्गशीर्षात माझी बायको जिच्यावरून साडी न भिजवता जाऊन आली होती. इकडून दोर टाकला की पाणी तो परत आणून द्यायचं. पावसाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आक्का डोलीच्या डोक्याशी बसली होती, दाजींच्या तोंडावर इरलं धरून. दुपार टळली तेव्हा तिनं ते इरलं बाजूला काढून ठेवलं. पलीकडून आम्हाला एवढंच दिसलं, आणि तेवढ्यावरून कळलं.

पाणी उतरल्यावर मी वर गेलो. मी नदीला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. आक्कानं मला देऊ दिल्या. मग म्हणाली, "बाईला कशाला बोलतोस, तम्मा. ती तिच्या वाटेनं चाललीती. आडवं आपल्याला जायचं हुतं." धाकट्या भावाला आमच्याकडं कानडीतला हा तम्मा जन्मभर चिकटतो.

तेव्हापासून माझं एकच मागणं होतं. आक्कानं खाली यावं, माझ्या घरी राहावं. आई-आप्पा गेले होते. दर दिवाळीला मी वर जायचो, हात जोडायचो, नाटकं करायचो, एकदा तर ती येईपर्यंत जेवणार नाही म्हणून अंगणात बसलो. तिनं माझ्यासमोर खेकड्याचं कालवण आणून ठेवलं आणि निघून गेली. कालवण संपलं, उपोषण संपलं.

शेवटी मला जमलं नाही ते सरकारला जमलं. जंगल जनावरांसाठी राखायचं, माणसांनी खाली यायचं. गावाला पहिल्यांदा राग आला, मग गावानं विचार केला. दवाखाना नाही, शाळेत मास्तर टिकत नाही, डोलीतून गेलेले एकटे दाजी नव्हते. पोरांना लग्नाला मुली मिळेनात. लोकांनी होय म्हटलं. हमरस्त्याजवळ माळावर त्यांच्यासाठी घरं बांधली. आक्काच्या नावानंही एक निघालं. मी मनात म्हटलं, घर राहू दे तिथं कुलूप लावून, आक्का माझ्याकडं येणार. बायकोनं माडीवरची खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली, खिडकीशी पलंग लावला. जिना आक्काला झेपेल का, म्हणून मी स्वतः गुडघ्यावर हात ठेवून, म्हातारीचं सोंग घेऊन तीनतीनदा चढून पाहिला. बायको हसून लोळायची बाकी राहिली.

निघायच्या दिवशी मी जीप घेऊन वर गेलो. उन्हाळा होता, घळीला वळसा घातला तेवढा सोडला तर जीप नदीच्या पात्रातूनच चढली. गावात टेम्पो उभे होते. लोकांनी कौलं उतरवली होती, दारं चौकटीसकट काढली होती. तीन भावक्यांनी तीन झऱ्यांवरचे तीन दगड उचलले होते आणि कुठला दगड पुढच्या टेम्पोत जाणार यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. भांडण चालू आहे तोवर गाव आहे, असं काहीतरी वाटलं.

आक्काकडं एक ट्रंक आणि एक विळी होती. ट्रंक तिनं जीपमध्ये ठेवू दिली. स्वतः बसेना.

"तू हो पुढं. मी बाईच्या काठानं चालत येतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका येते म्हणत नाहीत, येतो म्हणतात.

"आक्का, तुझं वय काय, ते ऊन काय."

"वर चालतच आलतो न्हवं? मग खाली बसून कशाला जायचं?"

मी ड्रायव्हरला जीप घेऊन आमच्या गावी पुढं धाडलं आणि तिच्याबरोबर चालू लागलो. शहरात राहून माझं पोट सुटलंय. पहिल्याच उतारावर मी धापा टाकू लागलो आणि ती पुढं जाऊन थांबून बघू लागली. घळीत पाणी रांजणांच्या तळाशी होतं. आक्का प्रत्येक रांजणात वाकून बघत होती. सकाळी कामावर निघालेलं माणूस शेजाऱ्यांच्या दारात डोकावतं, तसं. मी चेष्टेनं विचारलं, कोण काय म्हणतंय? ती म्हणाली, काय म्हणणार, झोपलीत सगळी. जांभळीखालच्या डोहाशी आम्ही भाकरी खाल्ली. ज्या काठावर ती इरलं धरून बसली होती, तिथं ती थांबली नाही. चालण्याचा वेगही बदलला नाही. मीच मागं राहिलो.

दुपारनंतर आमच्या गावाशी आलो. काठावर धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांत आक्काच्या बरोबरीची एक म्हातारी होती, तोंडाची फटकळ. तिनं आक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उलटी गेलतीस. आता सुलटी आलीस व्हय?"

"पाण्याचं ऐकायला जरा येळ लागला," आक्का म्हणाली.

सगळ्या हसल्या. मग ती फटकळ म्हातारीच पुढं आली आणि तिनं आक्काला मिठी मारली. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. बाकीच्या बायका धुण्याकडं बघत राहिल्या.

मुक्काम चुलत्याकडं केला. सकाळी मी म्हटलं, आता थेट शहापूर. आक्का म्हणाली, जाता जाता वसाहतीत उतरू, माणसं कशी लागली ते बघू, मग जाऊ. मी खुशीत होतो. एका सकाळचा प्रश्न होता.

वसाहत म्हणजे उघड्या माळावर पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ ओळी. सगळी घरं एकसारखी, सगळी दारं एका बाजूला. झाड एकही नाही. घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली, त्यामुळं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं तोंड बघायचं नाही ते आता शेजारी आले होते आणि सख्खे भाऊ दोन टोकांना गेले होते. ओळींच्या मधोमध एक सिमेंटची टाकी, तिला नळ. आम्ही पोचलो तेव्हा टाकीपाशी घोटाळा चालला होता.

वरच्या गावातली रीत अशी, की पाणी भरताना तोंड वरच्या अंगाला करायचं. जिकडून बाई येते तिकडं बघायचं आणि मगच घागर बुडवायची. पाठ करून पाणी घ्यायचं नाही, तो अपमान. लहान पोरीसुद्धा न सांगता तसंच करायच्या. आता इथं नळासमोर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या आणि तोंड कुठं करायचं ते कुणाला कळत नव्हतं. बऱ्याच जणींनी अंदाजानं पश्चिमेकडं, दूर दिसणाऱ्या डोंगराकडं तोंड केलं होतं. नळ होता पूर्वेला. त्यामुळं त्या नळाला पाठ करून, हात मागं नेऊन, घागर चाचपत तोटीखाली धरत होत्या. निम्मं पाणी लुगड्यावर, निम्मं पायावर. दोन जणी आडव्या उभ्या होत्या, एकीनं नुसते डोळे मिटले होते. टाकीवर नेमलेला गडी चिकोडीकडचा, कानडी बोलणारा. तो हसून हसून भिंतीला टेकला होता.

मीही हसलो. खोटं कशाला सांगू, तो देखावा तसाच होता. मी आक्काकडं बघितलं, तीही हसत असणार म्हणून. ती हसत नव्हती.

ती पुढं गेली. बायका बाजूला झाल्या. तिनं त्या गड्याला विचारलं, हे पाणी कुठनं येतं? त्यानं बूट जमिनीवर आपटला. इथंच खाली, बोअरचं, म्हणाला.

"खालनं येतं?"

"खालनंच, आक्का."

ती जरा वेळ त्याच्या बुटाजवळच्या जमिनीकडं बघत राहिली. मग पदर डोक्यावरून घेतला, एका पोरीच्या हातातली घागर घेतली आणि नळाखाली धरली. मान खाली घातली.

"खालनं येतंय. खाली बघून भरा," ती म्हणाली.

मी म्हटलं, चल आता, जीप उभी आहे. तिनं घागर भरली, पोरीच्या डोक्यावर ठेवली, दुसरी घेतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, माझी ट्रंक उतरव. मी वाद घातला. माडीवरच्या खोलीचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, बायको वाट बघतेय म्हटलं. जिन्यावरचं सोंगही करून दाखवलं, भर माळावर, सगळ्यांसमोर. पोरी हसल्या. आक्काही हसली.

"तुझ्याकडं मी पाव्हणी, तम्मा," ती म्हणाली. "तुझी बायको मला नळाला हात लावू द्यायची न्हाय. हितं ह्यांस्नी अजून किती काय विचारायचं आसल. कुणाला तरी सांगाय पायजे न्हवं?"

"आणि तुला कोण सांगणार?"

तिनं पुढची घागर नळाखाली सरकवली. मी ट्रंक उतरवली. तिच्या घराचं दार ओळीत कितवं, ते तिला आठवेना, मलाही कळेना, सगळी दारं सारखी. दोनदा दुसऱ्याच्या दारात ट्रंक ठेवली आणि परत उचलली.

जीपमध्ये बसल्यावर मी मागं वळून बघितलं. नळाशी आता रांग लागली होती. कुणी पश्चिमेकडं बघत नव्हतं. एकामागून एक बाई पुढं येत होती, घागर ठेवत होती आणि मान खाली घालून उभी राहत होती. आक्का रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली होती, उसनी कळशी घेऊन.